मेढीखालचा पाइप

आमच्या मोरीचा पाइप माझ्या थोरल्या काकांनी फोडला, आणि तोही मुहूर्त बघून, भटजींच्या आणि पाच सवाष्णींच्या साक्षीने. माझ्या लग्नाची मुहूर्तमेढ रोवायची होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, भुईगावात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि नालासोपाऱ्याच्या एका घरातून मला होकार आला होता. ही हकिकत मी पुष्कळांना हसत सांगितली आहे आणि लोकही हसले आहेत. आज हसत सांगणार नाही. ती हसण्यासारखी कधीच नव्हती, आणि माझा राग अजून जागच्या जागी आहे.

आधी पाइपाचं सांगते. आमचं घर एकच, पण मधोमध वाटणी झालेली. दक्षिणेकडचा भाग काकांचा, उत्तरेकडचा आमचा, अंगण सामाईक, आणि अंगणापुढून घराच्या दक्षिणेपर्यंत वळलेली केळी-चाफ्याची वाडी. आमच्या मोरीतलं पाणी, म्हणजे अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं, भिंतीबाहेरच्या एका खड्ड्यात साठायचं. आई ते सकाळ-संध्याकाळ बादलीने उपसायची आणि अंगण ओलांडून केळींना नेऊन घालायची. वीस वर्षं तिने हे केलं. घरात दोन धडधाकट पुरुष होते. त्यांच्यापैकी एकालाही मी कधी ती बादली उचलताना पाहिलं नाही. केळी मात्र सगळ्यांनी खाल्ली.

मग एका वर्षी तिने ठरवलं की पाइप घालायचा. सोनचाफ्याची फुलं आणि केळीची पानं विकून तिने थोडं थोडं बाजूला ठेवलं होतं, त्यातून भाजक्या मातीचे ते तपकिरी, चकचकीत पाइप आणवले. एकाचं टोक दुसऱ्याच्या पसरट तोंडात बसतं, ते. मोरी घराच्या मागच्या अंगाला, तेव्हा जवळची वाट मागूनच, काकांच्या भिंतीला लागून, वाडीच्या दक्षिण टोकाला जाणारी होती. काका म्हणाले, "तुमचं खरकटं पाणी माझ्या भिंतीखालून जाणार नाय." बाबा गप्प बसले. गप्प बसण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता. तेव्हा पाइप पुढून न्यावा लागला, आमच्या दारासमोरून, अंगणाखालून, थेट केळींच्या वाफ्यापर्यंत. मिस्त्री पाइप टाकत होते तेव्हा काका ओट्यावर बसून सुपारी कातरत सगळं बघत होते. म्हणजे पाइप कुठून जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं कुणी मला सांगू नये.

आमच्या घराण्यात मुहूर्तमेढ एकाच जागी रोवतात. दाराच्या उजव्या हाताला, उंबऱ्यापासून चार पावलांवर. आजोबांची मेढ तिथेच, काकांची तिथेच, बाबांची तिथेच. पाइप टाकताना आईला हे बरोबर आठवलं होतं. तिने काकांना विचारलंही होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीचं लग्न निघेल तेव्हा बघू. मेढ हातभर इकडे-तिकडे रोवता येते." मी तिथेच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आता लग्न निघालं होतं. लग्नाच्या आठ दिवस आधी, वैशाखातल्या एका सकाळी, बांबूला उंबराची फांदी आणि आंब्याचे टहाळे बांधून मेढ तयार ठेवली. घरातला वडील पुरुष म्हणून पहार काकांच्या हातात आली. आई दारात उभी होती. थोरल्या दिरासमोर ती सहसा बोलायची नाही. त्या दिवशी पदर सारखा करून बोलली, "भाऊजी, हातभर उजवीकडे घ्या. तिथे खाली पाइप आहे."

काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मुहूर्ताच्या वेळी मोडता घालू नकोस," म्हणाले, आणि पहार मारली.

तिसऱ्या घावाला मडकं फुटावं तसा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. भटजींनी मंत्र क्षणभर थांबवला. काका म्हणाले, "दगड लागला," आणि आणखी चार घाव घातले, जरा जास्तच जोराने. मग त्या खड्ड्यात बांबू उभा केला, भोवती दगड आणि माती ठासली, पाण्याने चोपली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. सवाष्णींना पेढे वाटले. आईनेही पेढा घेतला. तो तिने खाल्ला नाही, मुठीत धरून आत गेली, एवढं मला दिसलं.

दुपारपर्यंत मोरी भरली. घरात माझ्या दोन आत्या आणि त्यांची मुलंबाळं आलेली, अंघोळी चाललेल्या, वर जेवणाची भांडी. साबणाचं पांढुरकं पाणी, त्यावर भाताची शितं, घोट्यापर्यंत. मी काकांकडे गेले आणि म्हटलं की पाइप फुटलाय, मेढ काढून हातभर बाजूला रोवा. ते पंचांग बघत होते. "रोवलेली मेढ मांडवपरतणी होईपर्यंत हलवत नाय. तुझ्याच संसाराचा प्रश्न आहे," म्हणाले. आमच्याकडे तसं मानतात, हे खरं. मेढ रोवली की लग्न लागून मांडव परत होईपर्यंत ती उपटायची नाही, पडू द्यायची नाही. हलली तर मुलीचा संसार हलतो. पण हे शास्त्र काकांना पहार मारायच्या आधी का सुचलं नाही? संसार माझा, मोरी आईची, आणि पंचांग त्यांच्या मांडीवर.

बाबा म्हणाले, "दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

दहा दिवस कुणासाठी, हे सांगायला हवं. महाशिवरात्रीच्या सुमाराला आईचं ऑपरेशन झालं होतं. गर्भाशय काढलं होतं. वसईच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी ते केलं त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितलं होतं की चार महिने हिने भरली कळशीसुद्धा उचलायची नाही. बाबांनी मान डोलावली होती. चारांपैकी तीन महिनेही झाले नव्हते. आणि त्या दुपारी मी मोरीत पाहिलं तर आई पदर खोचून, जुनी बादली घेऊन, पाणी उपसत होती. पाच वर्षं वापरात नसलेली ती बादली तिने शोधून काढली कुठून, देव जाणे.

मी बादली हिसकावून घेतली. तेवढ्यात धाकटी आत्या आली आणि तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. नवरीने उपसायचं नसतं म्हणे, हात काळे पडतात. मी म्हटलं, मग तुम्ही उपसा. "आम्ही पाहुण्या गं," आत्या म्हणाली, अगदी लाडाने, आणि बादली आईच्या हातात दिली. मला अजून आठवतं, ती किती सहज दिली. ज्याची वस्तू त्याला परत करावी तशी.

मग मी पहाटे उठून उपसायला लागले. आई माझ्याही आधी उठायला लागली. चार दिवस हेच. पाहुणे रोज वाढत होते, पाणी रोज वाढत होतं, काका रोज मेढीला हळदकुंकू वाहत होते. बाबा एकदा म्हणाले की लहान बादली घे. नवऱ्याने बायकोसाठी केलेला विचार तो एवढा.

चौथ्या दिवशी सकाळी आई केळींच्या वाफ्याजवळ खाली बसलेली दिसली. बादली आडवी पडली होती. मी धावत गेले. तिने पोटावर हात दाबला होता आणि लुगड्याला मागे रक्त लागलं होतं. "कुणाला सांगू नकोस, लग्नघर आहे," एवढंच म्हणाली. मी तिला धरून आतल्या खोलीत नेलं, निजवलं आणि सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरीणबाईंना निरोप गेला. त्या स्वतः आल्या, तपासलं, गोळ्या दिल्या आणि ओट्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही आता आडवीच राहील. आणखी एक बादली उचलली तर बाई हातची जाईल." चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

काका म्हणाले, "मी सांगितलं होतं का तिला उचलायला?"

त्या वाक्याला मी आज चाळीस वर्षांनी उत्तर देऊ शकते, चांगली दहा-बारा उत्तरं देऊ शकते. तेव्हा मी चप्पल घातली आणि मिस्त्रींना आणायला निघाले. नवरी एकटी कुठे चालली, असं धाकटी आत्या ओरडली. मी म्हटलं, "पाइप आणायला. तुला काय हवंय?"

मिस्त्री रेल्वेच्या पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातले. त्या दिवशी पापडीला एका घराची गच्ची दुरुस्त करत होते. पाइप पाच वर्षांपूर्वी त्यांनीच टाकला होता आणि आईबद्दल त्यांना माया होती. आईची हकिकत ऐकल्यावर थापी तशीच ठेवून निघाले. घरी येऊन त्यांनी मेढ पाहिली, दारापासून पावलं मोजली आणि कपाळाला हात लावला. "बाय, बरोबर मधी मारलीया. आता पानी जानार कुठून?"

"काढा ती," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. "पाइप जोडून देतो, म्हनशील तसा देतो. मेढीला हात मी नाय लावनार. माझ्या पन दोन पोरी हायेत लग्नाच्या."

काका पूजेच्या सामानासाठी वसईच्या बाजारात गेले होते. अंगणात बाबा होते, आत्या होत्या, मांडवाच्या झावळ्या विणणारे चौघे होते. मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हललं नाही. मग मी त्या बांबूला मिठी मारली आणि हलवायला लागले. कुणीतरी "अगं अगं" केलं. माती चोपून चोपून घट्ट झालेली. पुढे-मागे, पुढे-मागे करता करता माझे तळवे सोलपटले, पण मेढ सुटली, आणि तिच्या बुडाबरोबर ते काळं, कुजकं पाणी भसकन वर आलं. आत्याने तोंडावर पदर धरला. आईच्या चार दिवसांच्या बादल्यांना तिने धरला नव्हता.

आता हातात बांबू घेऊन मी उभी, आणि तो ठेवायचा कुठे हे मला कळेना. तेव्हा बाबा पुढे आले. "दे इकडे. जमिनीला टेकवू नकोस," म्हणाले. त्यांनी मेढ माझ्या हातातून घेतली आणि उभी धरली, पावलाच्या चवड्यावर तिचं बूड ठेवून, म्हणजे मातीला लागायला नको. आणि काम होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. वैशाखातलं ऊन, डोक्यावर उंबराची सुकलेली पानं, आणि धोतरावर चिखल. मी त्यांच्यावर इतकी चिडलेली होते की तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज थोडं वाटतं. फार नाही.

मिस्त्रींनी चर खणला. दोन पाइपांचा चुरा झाला होता, तिसऱ्याचं तोंड उडालं होतं. खापऱ्या, दगड, साबणाचा लगदा, केस, शितं, सगळं मी घमेल्यातून काढून टाकलं. आईने मूळच्या कामातून उरलेले तीन पाइप गोठ्यामागे पोत्यात गुंडाळून ठेवले होते. कधी लागतील म्हणून. त्या घरात पुढचा विचार करणारं ते एकच माणूस होतं. मिस्त्रींनी एक पाइप छिन्नीने हळूहळू, फिरवून फिरवून, मापात तोडला. मी सिमेंट कालवलं. काथ्या त्या रबडीत भिजवून सांध्यात ठासायचा, मग वरून घट्ट सिमेंट भरायचं, तेही मी हाताने केलं, कारण थापी त्या सांध्याच्या खालच्या बाजूला पोचत नव्हती. मिस्त्री म्हणत होते, "खालून भर, बाय. वरून समदेच भरतात, गळतं ते खालून." ढाळ, म्हणजे पाइपाचा उतार, बघायला त्यांनी मोरीतून एक तांब्या पाणी सोडलं, आणि आम्ही दोघं केळींच्या वाफ्याशी जाऊन बसलो. पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला.

मिस्त्री ओल्या सांध्यांवर भिजलेली पोती घालत होते तेव्हा काका आले. हातात सामानाची टोपली. त्यांनी चर पाहिला, मला पाहिलं, कोपरापर्यंत सिमेंट, आणि मग मेढ धरून उभ्या असलेल्या आपल्या भावाला पाहिलं. बाबाच बोलले. "दादा, जरा धरतोस का? माझे हात भरून आलेत."

एवढंच. जन्मात पहिल्यांदा बाबा त्यांच्याशी असं बोलले असतील. काका टोपली ओट्यावर टाकून आत निघून गेले आणि त्यांनी दाराची कडी लावून घेतली. लग्नाच्या कुठल्याही विधीला ते पाटावर बसले नाहीत. जेवायला मात्र पहिल्या पंगतीला होते, आणि जिलबी दोनदा वाढून घेतली.

मला वाटलं होतं की आई खूश होईल. पाणी कसं आलं ते सांगायला मी तिच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. "मेढ कुणी काढली?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी. ती उठली. उठू नकोस म्हणून मी धरलं तर माझा हात झिडकारून उठली, भिंतीला धरत धरत अंगणात गेली. हातभर उजवीकडे, जिथे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती तिथे, मिस्त्रींकडून नवा खड्डा करून घेतला. बाबांनी मेढ त्यात उभी केली. आईने उंबराची ताजी फांदी बांधली, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मेढीसमोर डोकं टेकवून कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. हळदीच्या दिवशी माझ्या सोललेल्या, सिमेंटने भाजलेल्या हातांना हळद लावताना तिने हळूच फुंकर घातली.

लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, सासर बरं मिळालं. पाइप तर पुढे कित्येक वर्षं गळला नाही. मी जिंकले होते, असं मी समजत होते, आणि माहेरी गेले की मुद्दाम मोरीत दोन बादल्या जास्त ओतत असे.

सहा वर्षांत माझी दोन गरोदरपणं अर्ध्यावर मोडली. तिसरं पूर्ण दिवसांचं होतं. मुलगा होता. रडला नाही. वसईच्या हॉस्पिटलात मी पडून होते आणि आई माझ्या खाटेजवळ स्टुलावर बसली होती. भेटायला आलेली धाकटी आत्या नुकतीच गेली होती. जाताना दारात आईच्या कानाशी लागून तिने काहीतरी सांगितलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं, पण ऐकू यायची गरजही नव्हती.

आई माझे केस सारखे करत होती. बराच वेळ करत राहिली. मग म्हणाली, "सहा दिवस राहिले होते गं. मी उपसलं असतं पाणी."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा मी ओरडले. वॉर्डातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी म्हटलं, कसलं उपसलं असतंस, रक्त जात होतं तुझं, त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवतंय का, आणखी एक बादली उचलली असतीस तर मेली असतीस तू!

"मग?" ती म्हणाली.

भांडायला म्हणून नाही म्हणाली. अगदी साधेपणाने, मला खरंच उत्तर माहीत असेल अशा समजुतीने विचारलं तिने, आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसली.